बकरीची धार काढायचं काम: मुंबईच्या आसपासच्या फार्मवर नव्याने लागणाऱ्यांसाठी

मुंबईत दुधाचा धंदा म्हणजे म्हशीचा. गोरेगावला १९४९ मध्ये आरे कॉलनी वसवली तीही शहरातल्या म्हशींसाठी, आणि तबेला म्हटलं की आजही डोळ्यापुढे म्हैसच येते. बकरीचं दूध इथे मिळतं ते वस्तीत चार-दोन बकऱ्या पाळणाऱ्यांकडून. लोकांना त्याची आठवण होते पावसाळ्यात, डेंग्यूचे पेशंट वाढले की. या दुधाने प्लेटलेट वाढतात याला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही, पण त्या दिवसांत मागणी आणि भाव दोन्ही चढतात आणि फार्मवाल्यांना धार काढणारी माणसं शोधत फिरावं लागतं. नवख्याला काम मिळायची संधी बहुधा तेव्हाच असते.

घरी कधी बकरी नव्हती म्हणून बिचकू नका. उलट म्हशीवर हात बसलेल्या माणसाला सुरुवातीला जास्त त्रास होतो, कारण तो जोर लावतो. बकरीला जोर लागत नाही. धार काढणं आठवड्या-दोन आठवड्यांत जमतं. पण मालक पगार देतो तो नुसत्या धारेचा नाही. फार्मवर दुभत्या बकरीच्या कासेला रोज दोनदा हात लागतो तो फक्त तुमचा. ताप, दगडी (म्हणजे कासेची सूज), कमी झालेलं दूध, सगळं आधी तुमच्या बोटांना कळणार. ते ओळखून वेळेवर सांगणं हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि तो कोणी शिकवत बसत नाही.

काम पाहायला जाल तेव्हा

खुद्द शहरात पगारी काम जवळजवळ नाही. वसई-विरारच्या पुढे पालघरकडे, भिवंडी-शहापूर-मुरबाड भागात किंवा बदलापूर-कर्जतच्या बाजूला चौकशी करा. घरून जाऊन-येऊन करू असा विचार असेल तर सोडून द्या. पहिली धार पहाटे पाचच्या सुमाराला आणि दुसरी संध्याकाळी पाचला. मधलं अंतर बारा तासांच्या जवळ राहिलं तर कासेवर ताण येत नाही. पहिली लोकल पकडूनही पाचला शहापूरच्या आत कुठेतरी पोचणं होत नाही, त्यामुळे फार्मवरच राहावं लागतं. म्हणून पगाराआधी खोली बघा. पत्रा गळतो का, पाणी कुठून येतं, स्वयंपाक स्वतः करायचा की मेस आहे, आणि रोजचं थोडं दूध मिळतं का.

दुसरं विचारायचं ते माणशी किती बकऱ्या. हात बसलेला माणूस चार-पाच मिनिटांत एक बकरी मोकळी करतो, नवख्याला पंधरा मिनिटंही लागतात. पहिल्याच दिवशी तीस बकऱ्यांची दावण एकट्याच्या गळ्यात घालणाऱ्या मालकाला धार नव्हे, हमाली करून हवी असते. आणि एक प्रश्न जरूर विचारा: आजारी बकरीचं दूध कुठे जातं? "ओतून टाकतो" असं चटकन उत्तर आलं तर फार्म ठीक. "जातं मिसळून" असं ऐकलं तर चहा पिऊन निघा.

जात कोणती आहे तेही पाहून घ्या, कारण हाताचं काम त्यावर बदलतं. मुंबईच्या बाजूला दुधासाठी सुरती बकरी बरीच सोयीची. अंगाने बेताची, बांधून पाळता येते, सड पकडायला बरे. जमनापारी आणि बीटल उंच, लांब कानांच्या. उस्मानाबादी मुळात मटणाची आणि जुळ्या करडांची बकरी, तिचं दूध बेताचंच. कोकण कन्याळ कोकणच्या पावसात टिकते. काही जण सानेनचा संकर ठेवतात. ती मूळची स्वित्झर्लंडची, तेव्हा इथल्या मे महिन्यात तिची धाप बघवत नाही.

पहिल्या दिवसाआधी

नखं कापा. हे इतकं साधं आहे की कोणी सांगत नाही, आणि पहिली लाथ बहुधा नखामुळेच बसते. अंगठी, दोरा, कडं काढून ठेवा. अत्तर-बॉडी स्प्रे मारून गोठ्यात जाऊ नका. बकरीला माणूस वासावरून कळतो आणि दुधालाही वास लागतो.

हाताचा सराव बकरीवर सुरू करायची गरज नाही. मेडिकलमध्ये मिळणारा रबरी हातमोजा घ्या, त्यात पाणी भरून तोंड घट्ट बांधा, एका बोटाच्या टोकाला टाचणीने भोक पाडा आणि खिळ्याला टांगा. अंगठा आणि तर्जनी यांनी बोटाचा वरचा भाग आवळायचा, म्हणजे पाणी मागे जात नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशा क्रमाने वरून खाली मिटत यायचं. पाणी सरळ धारेत आलं तर जमलं. मूठ उघडायची, बोटात पुन्हा पाणी उतरू द्यायचं, पुन्हा मिटायची. हात खाली ओढायचा नाही. ओढलं की सडाच्या आतलं नाजूक अस्तर दुखावतं, आणि कासेचे बरेच आजार तिथून सुरू होतात.

याला मुठीची धार म्हणतात आणि शिकायची ती हीच. चिमटीत धरून सड खाली ओढत आणणं किंवा अंगठा मुडपून त्याच्या हाडावर सड दाबणं, या दोन्ही पद्धती तुम्हाला जुन्या माणसांकडून दिसतील. दूध लवकर निघतं, सड मात्र खराब होतात. पहिलारू बकरीचे सड इतके लहान असतात की त्यात पूर्ण मूठ मावत नाही. तिथे दोन-तीन बोटांनी दाबत काम भागवावं लागतं, पण तिथेही दाबायचंच, ओढायचं नाही.

धारेचा क्रम

बकरीला क्रम आवडतो. रोज त्याच वेळी, त्याच रांगेने, त्याच बाजूने. उजवीकडून बसायची सवय लावली असेल तर नव्या माणसानेही उजवीकडूनच बसावं. आधी निरोगी आणि पहिलारू, मग बाकीच्या, आणि जिच्या कासेबद्दल शंका आहे ती सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला तर एकीचा आजार तुमच्याच हातावरून पुढच्या दहा जणींना जातो.

बकरी चौथऱ्यावर चढवा, मान खोड्यात अडकवा, समोर खुराक ठेवा. खुराक मापाच्या मगानेच द्या. बकरी नाचते म्हणून तिला गप्प करायला वर दोन मुठी जास्त टाकायची नव्या माणसाची खोड असते. धान्य अचानक वाढलं की पोट बिघडतं, फुगतं, आणि आंत्रविषार (आतड्यात विष तयार होणं) झाला तर बकरी दुसऱ्या दिवशी उभी दिसेलच असं नाही.

खाली बसण्याआधी क्षणभर मागून कास बघा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का? मग हात लावा. निरोगी कास भरलेली असली तरी दाबल्यावर नरम लागते, बाकी अंगापेक्षा फार गरम नसते. सड फार मळले असतील तर धुवा आणि स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करा. प्रत्येक बकरीला वेगळं कापड. ओल्या कासेवरून ओघळणारं पाणी बोटांवरून थेट दुधात येतं. धार सुटी यावी म्हणून बोटं दुधात बुडवणारे किंवा थुंकी लावणारे अजून आहेत. हात कोरडेच ठेवा.

आता पहिल्या दोन-तीन धारा. त्या बादलीत नाही, काळ्या कापडावर किंवा काळ्या वाटीत घ्यायच्या. पांढऱ्या स्टीलवर काही दिसत नाही. काळ्यावर दुधातले बारीक कण, फुटल्या दुधासारखे तुकडे, पाणीदार पिवळटपणा किंवा रक्ताची रेघ लगेच उठून दिसते. वाटी थोडी तिरकी करा आणि उजेडात बघा. शिवाय सडाच्या तोंडाशी रात्रभर जमलेली घाण याच धारांबरोबर निघून जाते. त्या जमिनीवर उडवायच्या नाहीत, त्यावर माश्या येतात.

मग धार. बादली गुडघ्यांत, डोकं हलकेच बकरीच्या कुशीला टेकवलेलं, दोन्ही हात आळीपाळीने. गाय-म्हशीच्या मानाने इथे एक सोय आहे. बकरीचं बहुतेक दूध कासेतल्या मोठ्या पोकळीत आधीच साठलेलं असतं, त्यामुळे पान्हा सुटण्यासाठी करडू लावून बसावं लागत नाही. पण म्हणून रेंगाळू नका. पान्ह्याचा जोर काही मिनिटंच टिकतो आणि शेवटच्या दुधात फॅट जास्त असतं. धार बारीक झाली की कासेला खालून दोन-तीनदा हलकी थाप द्या, करडू ढुशी देतं तशी, आणि उरलेलं काढून घ्या. कास रिकामी झाल्यावर सुरकुतते, सैल पडते. हे दिसेपर्यंत सोडू नका, आणि दिसल्यावर पिळत बसू नका.

बकरी लाथ मारते तेव्हा बहुतेक वेळा तिला काहीतरी दुखलेलं असतं. हात उगारू नका. पुढचा हात तिच्या मागच्या पायाला टेकवून ठेवला तर पाय उचलायच्या आधीच कळतं आणि बादली सरकवायला वेळ मिळतो. रोज शांत उभी राहणारी टिळी आज अचानक एका सडाला हात लावू देत नसेल, तर तिला दटावू नका. त्या सडाकडे नीट बघा.

कुठे कोणी पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन हातात दिलं तर घेऊ नका. दूध वाढवायला इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो सुई हातात असलेला माणूस.

धार झाली की दोन्ही सड आयोडीनच्या सडबुडव्या औषधात बुडवा. सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धा तास तरी उघडं असतं. म्हणून चौथऱ्यावरून उतरलेल्या बकरीपुढे ताजा पाला टाकायचा, म्हणजे ती उभी राहून खाते, लेंड्यांत बसत नाही. हा पाला टाकणं पुष्कळ जण विसरतात.

दूध मापाने नाही, वजनाने लिहा. फेसामुळे माप फसवतं. ताणकाट्याला बादली अडकवा, बादलीचं वजन वजा करा, बकरीच्या नंबरासमोर आकडा लिहा. एखादीचा आकडा दोन वेळा सलग खाली आला तर मालकाने विचारायच्या आधी तुम्ही सांगा.

यंत्र असेल तर हे सगळं तसंच राहतं, फक्त मुठीचं काम यंत्र करतं. सेटिंग मात्र तपासा. गाईचं यंत्र जसंच्या तसं लावून चालत नाही. बकरीला व्हॅक्यूम थोडा कमी लागतो, साधारण ३८ ते ४० किलोपास्कल, आणि ठोके जास्त, मिनिटाला नव्वदच्या आसपास. दूध थांबल्यावर कप लटकत ठेवले तर सडाची टोकं लाल होऊन बाहेर येतात.

दगडी आणि बाकीची दुखणी

कासेची सूज, म्हणजे दगडी, हीच धार काढणाऱ्याची खरी परीक्षा. एक बाजू गरम, कडक, लालसर. बकरी मागचे पाय फाकवून चालते, खुराक टाकते. ही उघड दगडी. हिच्यावर घरगुती लेप लावत दिवस घालवू नका, डॉक्टर त्याच दिवशी हवा. कास थंडगार आणि निळसर पडली तर त्याच तासाला. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ नंबर आहे. मुंबईच्या जवळ असाल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, जुन्या लोकांच्या तोंडी बैलघोडा, सगळ्यांना माहीत असतं. बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजही तिथेच आहे, १८८६ पासून.

लपलेली दगडी जास्त नुकसान करते. दूध दिसायला चांगलं, कास नरम, फक्त उत्पन्न कमी. त्यासाठी जांभळट द्रव घालून दूध घट्ट होतं का बघायची सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) चाचणी करतात. बकरीच्या दुधात पेशी मुळातच गाईपेक्षा जास्त असतात, त्यामुळे किंचित घट्टपणा आला म्हणून घाबरू नका. दोन सडांत फरक आहे का, तो बघायचा. एक पातळ आणि दुसरं जेलीसारखं जमत असेल तर त्या बाजूला लक्ष हवं.

अँटिबायोटिक चालू असलेल्या बकरीचं दूध डॉक्टरने सांगितलेले दिवस भरेपर्यंत कॅनमध्ये जाता कामा नये. तिच्या गळ्यात लाल फीत बांधा. संध्याकाळची पाळी दुसऱ्याची असेल तर त्याला तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

आता तुमच्या तब्येतीचं. धारोष्ण दुधाचं आपल्याकडे फार कौतुक आहे, तरी कच्चं पिऊ नका. बकरीच्या दुधातून ब्रुसेला नावाचा जंतू येतो. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना होणाऱ्या तापाचे जंतू डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये शोधले, आणि ते बकरीच्या दुधातून येतात हे १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर झॅमिट यांनी दाखवल्यावर सैनिकांचं ते दूध बंद झालं, ताप ओसरला. हा ताप आठवडेच्या आठवडे येत-जात राहतो, सांधे धरतो. उकळलेलं दूध खुशाल प्या. गाभडलेल्या बकरीची वार उघड्या हाताने उचलू नका; घरात कोणी गरोदर असेल तर तिने तिथे फिरकूही नये. करडांच्या ओठांवर खपल्या दिसल्या तर तो मावा असू शकतो. तो हातावरच्या जखमेतून माणसालाही होतो, म्हणून हातमोजे घाला.

आणि मनगट. पहिले दिवस रात्री बोटं मिटत नाहीत इतकी दुखतात. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडझाप केली की बरं वाटतं. बोटांना मुंग्या येऊन पहाटे जाग येत असेल तर मात्र चालवून घेऊ नका, बकऱ्या कमी करून मागा.

दुधाचा वास

गिऱ्हाईक बकरीच्या दुधाला नाक मुरडतं ते उग्र वासामुळे. चांगल्या हाताने काढलेल्या ताज्या दुधाला तो फारसा येत नाही. येतो तो तीन कारणांनी. बोकड दावणीजवळ बांधलेला असतो, दूध उघडं राहतं, किंवा ते गार व्हायला उशीर होतो. धार झाली की लगेच गाळा, झाकणाच्या स्टील कॅनमध्ये भरा आणि बर्फाच्या पाण्यात ठेवा. दोन तासांच्या आत ४ अंशांपर्यंत उतरायला हवं. आपल्या दमट हवेत त्याहून उशीर झाला तर मुंबईत पोचेपर्यंत दूध बिघडतं. सकाळच्या गार दुधात संध्याकाळचं गरम ओतू नका. प्लॅस्टिकच्या जुन्या ड्रममध्ये तर अजिबात नाही, त्याच्या चरांत राहिलेलं कालचं दूध कितीही घासलं तरी निघत नाही.

पावसाळा, व्याणं आणि ईद

जून ते सप्टेंबर हा कसोटीचा काळ. बकरीला पावसाचं वावडं आहे. गोठा ओला राहिला की खूर कुजतात, कासेला चिखल लागतो, माश्या सड फोडतात. लाकडी फटींचं मचाण असेल तर लेंड्या खाली पडतात आणि तुमचं निम्मं धुणं वाचतं. नसेल तर रोज चुना भुरभुरवा, कोरडं गवत बदला. खुरं वाढली असतील तर कापून घ्यायला सांगा, लंगडी बकरी दूध चोरते.

बकरी साधारण १५० दिवस गाभण असते. व्यायच्या दोन महिने आधी तिला आटवायचं. खुराक उतरवत न्यायचा आणि धारेच्या वेळा कमी करत बंद करायच्या. व्याल्यावरचा पहिला चीक करडाचा, तो एका तासात त्याच्या पोटात गेला पाहिजे. दावणीचं दूध वाढवायच्या नादात करडाचा चीक तोडणाऱ्या फार्मवर पुढच्या महिन्यात करडं मरतात, हा अनुभव सगळीकडचा आहे.

बकरी ईदच्या आधीचे आठवडे बोकडांच्या विक्रीचे. देवनारला गाड्या भरतात आणि धार काढणाऱ्यालाही बोकड धरायला, वजन करायला बोलावतात. त्या दिवसांत धारेची वेळ चुकते, आणि मग आठवडाभर दगडीच्या केसेस निघतात. वेळ सोडू नका, विक्री पाहणारे दुसरे असतात.

गणपतीला गावी जायचं असेल तर महिनाभर आधी बदली माणूस ठरवून घ्या. बकऱ्यांना गौरी-गणपती नसतात. बदलीवाल्याला निघायच्या आधी निदान तीन-चार वेळा तुमच्या शेजारी बसवा, म्हणजे बकऱ्यांना त्याचा हात कळेल. वहीत त्याच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवा: रांगेचा क्रम, कोणाला कोणत्या बाजूने बसायचं, लाल फीत कोणाला आणि कधीपर्यंत, आणि कोणाचा खुराक किती मग. डॉक्टरचा फोन पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात.